अरे-तुरे

"मिस्टर पिलिंग, आता आपला उजवा हात उचलते हं," गेनर अदबीनं म्हणाली. मिस्टर पिलिंग म्हणजे तिचा धाकटा भाऊ लेन. हात हलला नाही.

इंग्लंडातल्या बोल्टनच्या त्या गल्लीत बसवाल्यापासून खाटकापर्यंत सगळे एकमेकांना 'राणी', 'राजा' म्हणतात. अंत्यसंस्कारांच्या या दुकानाचा मालकही सगळ्यांचा नुसता विल्फ. पण मागच्या बिनखिडकीच्या खोलीत आणलेला मेलेला माणूस मिस्टर नाहीतर मिसेस, आणि पुढं आडनाव. विल्फचा हा एकच नियम, आणि त्यात तो कुणाचं ऐकत नसे.

"हात बाहीत जायचा नाही, कोट पाठीत कापू या, राणी," विल्फ म्हणाला. "सगळ्यांचा कापतो. निजलेल्या माणसाची पाठ कोण बघतंय?"

"आई बघते. डोळे गेलेत तिचे, हातानं बघते. आत्ता येईल आणि याला उराशी धरायला पाठीखाली हात घालील. कोट तिनंच शिवलाय, विल्फ. कापलेला हाताला लागला तर जीव जाईल तिचा."

पुढच्या दाराची घंटी वाजली. विल्फ कात्री टेबलावर ठेवून बाहेर गेला.

गेनरनं पुन्हा एकदा अदबीनं विनवून पाहिलं. हात लाकडासारखा ताठ. तिला रडू आलं आणि रडण्याआधी संताप.

"ए लेन्या! पुरे झाली तुझी नाटकं. आई येतेय. आण तो हात इकडं!"

हात सैल पडला. कोपरात वाकून सरळ बाहीत गेला. गेनरच्या अंगावर सर्रकन काटा आला, तरी तिनं गुंड्या लावल्या, कॉलर बसवली, त्याचे केस सारखे केले. त्याच्यावर तिचा फार जीव होता.

आईला पुढं बसवून विल्फ परतला, तेव्हा तिला आणायला गेनर दारापाशी पोचली होती. कुठूनही निघताना सगळेच म्हणतात, तसं सवयीनं तिच्या तोंडून गेलं, "चल रे, भेटू मग."

विल्फनं धडक्या कोटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "अरे-तुरे केलंस याला?"

"केलं. भाऊ आहे माझा."

"ते एक वेळ चालेल. पण इथं 'भेटू' म्हणायचं नसतं, पोरी," तो आवाज खाली आणून म्हणाला. "तुला-मला शंभर कामं, आपण बोलतो आणि विसरतो. यांना दुसरं काम नसतं. वाट बघत बसतात."

गेनरचा हात दिव्याच्या बटणावर होता. दिवा न मालवताच तिनं तो मागे घेतला.