मघाचंच बोला

आपल्या धमन्या किती कडक झाल्यात ते तपासून घ्यायला सत्तेचाळीस वर्षांचा बाळ्या थोरल्या बहिणीला घेऊन आला होता. दोघांचं मिळून इस्त्रीचं दुकान. दंडाला आणि घोट्याला पट्टे बांधून तो आडवा झाला, तरी ताईच्या तोंडाचा पट्टा सुरूच.

"चव न बघता मीठ घेतो. लोकांचे कपडे कडक, आणि याच्या मोज्याला भोक."

"ताई, जरा बाहेर थांबा," तपासणाऱ्या बाई म्हणाल्या. "रक्तदाब वाढेल त्यांचा."

दार लागलं. खोली शांत झाली आणि पडद्यावरचा आकडा सरसर चढला. बाईंनी पट्टा सोडून पुन्हा बांधला, तर आणखी वर. शेवटी त्यांनीच दार उघडलं.

"या आत. बोला काहीतरी."

"काय बोलू?"

"मघाचंच."

ताईने मोज्यापासून सुरुवात केली. आकडा खाली आला. बाळ्याचा तर डोळाच लागला.

धमन्या अगदी पस्तिशीतल्या माणसासारख्या लवचिक निघाल्या. ताईला इतकं भरून आलं की परतताना तिच्या तोंडून शब्द फुटेना. दुकानाच्या वळणापर्यंत बाळ्याने वाट बघितली.

"ताई, बोल की काहीतरी. धडधडायला लागलंय मला."