बाराचा भोंगा

हॉलंडमधलं सगळं विकून आम्ही फ्रान्समधल्या एका खेड्यात, धरणाच्या खालच्या अंगाला, नवंकोरं घर घेतलं. चौथ्याच दिवशी, सोमवारी भर दुपारी, गावचा धोक्याचा भोंगा वाजू लागला. माझ्या हातातला वाडगा सुटला. दोन्ही पोरींना कवटाळून मी ओरडले, "योरित, पळ!"

"घाबरट कुठली!" नवरा हसला. "महिन्याचा पहिला सोमवार, बाराचा ठोका. आपल्याकडे हॉलंडमध्ये दर महिन्याला वाजतो तोच हा, चाचणीचा. जेव गुपचूप."

खरंच की! मलाही हसू आलं. आम्ही पुन्हा जेवायला बसलो.

तेवढ्यात शेजारच्या मादाम रोझलीन अनवाणी धावत आल्या आणि दार बडवू लागल्या.

"अहो मादाम, चाचणी आहे ती!" योरित आतूनच म्हणाला.


"अरे वेड्यांनो, आमच्याकडे चाचणी बुधवारी असते!"