घरपोच समाधान

शरच्चंद्राने दार उघडलं, पण साखळी काढली नाही. फटीत तिशीची एक बाई हसत उभी होती. गळ्यात ओळखपत्र, पायाशी थर्मोकोलचा डबा.

"नमस्कार सर. मी रूपाली. पुण्याहून आले, ब्रुअरीतून. आमच्या बिअरबद्दल तुमची तक्रार होती ना?"

बिअर हा शब्द तिसऱ्या मजल्यावरून जिन्याने खाली गेला आणि बहुधा पार्किंगपर्यंत पोचला.

"असं कोणी इथे राहत नाही," शरच्चंद्र म्हणाला.

रूपालीने दारावरच्या पितळी पाटीकडे पाहिलं. पाटीवर त्याचं नाव होतं आणि नावाखाली एम. एस्सी., बी. एड. होतं. तिने हसू तसंच ठेवलं. गिऱ्हाइकाला खोटं पाडायचं नाही, हेही तिला शिकवलेलं असावं.

"अकरा ओळी लिहिल्यात तुम्ही, सर. आमच्या कार्डावर आजवर कुणी एवढं मनापासून लिहिलं नव्हतं."

मे महिन्याच्या सुट्टीत पुतण्या सौमित्र त्याला पुण्याच्या त्या ब्रुअरीत घेऊन गेला होता. दुसरा ग्लास आंबट निघाला. रसायनशास्त्र शिकवणारा माणूस आंबट ग्लासासमोर गप्प बसू शकत नाही, आणि तीन पिढ्या बडोदा संस्थानच्या दफ्तरात गेलेल्या घरातला माणूस रकाना कोरा सोडू शकत नाही. त्याने पूर्ण नाव लिहिलं. बडोद्याचा पत्ता पिनकोडासकट लिहिला. 'जवळची खूण' असाही एक रकाना होता. तोही भरला.

"त्या खुणेमुळेच घर लगेच सापडलं," रूपाली म्हणाली. "'फौजदार विक्रमसिंह यांच्या फ्लॅटसमोर.' म्हणून आधी त्यांचीच बेल वाजवली."

शरच्चंद्राने चौकट धरली. समोरचं दार लोटलेलं होतं. बाहेर फौजदारांच्या चपला होत्या, म्हणजे पाय आत होते.

"त्यांना... काय सांगितलंत?"

"सगळं. आपण कोण, कुठून, कशासाठी आलो, हे सांगितल्याशिवाय पत्ता विचारायचा नाही, असा नियम आहे आमचा. फार सज्जन आहेत हो साहेब. नीट ऐकून घेतलं. दोनदा ऐकून घेतलं."

"कोण आहे हो?" बायकोने, निरुपमाने, स्वयंपाकघरातून विचारलं.

"पाण्याच्या फिल्टरवाली!"

"आपल्याकडे आहे म्हणावं! आणि चहा घेतेस का विचारा, उन्हातून आली असेल बिचारी."

शरच्चंद्राने आवाज अगदी खाली आणला. "ताई, हे गुजरात आहे. घरात बाटली सापडली की थेट कोठडी. माझ्या निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. हात जोडतो, परत न्या. माझी तक्रार नाही. कधीच नव्हती."

"असं कसं, सर?" रूपालीला मनापासून वाईट वाटलं. "चूक आमची होती. तुम्ही लिहिलंत तसंच निघालं, पिंपात जंतू शिरले होते. सगळा माल ओतून दिला आम्ही. ही नवी, दोन लिटर, खास तुमच्यासाठी. तुम्ही घेतली नाहीत तर तक्रार 'असमाधानी' म्हणून वर जाते. मग मॅनेजर स्वतः येतात. कंपनीच्या गाडीने."

"गाडीने?"

"दोन्ही बाजूंना ग्लास रंगवलाय. फेसासकट."

शरच्चंद्राच्या डोळ्यांसमोर ती गाडी गोत्री रोडवरून वळली, सोसायटीच्या फाटकात थांबली आणि तिने त्याचं नाव घेऊन हॉर्न वाजवला. त्याने साखळी काढली.

पुण्याहून कोणी आपणहून काही द्यायला आलं, इथेच खरं म्हणजे सावध व्हायला हवं होतं.

डबा त्याने दोन्ही हातांनी आत घेतला. गॅसचं सिलिंडरही त्याने कधी इतकं जपून उचललं नव्हतं. आत बर्फ हलला. तो आवाज त्याला साऱ्या इमारतीत ऐकू गेल्यासारखा वाटला. चपलांच्या स्टँडमागे डबा सरकवून, वर जुनं वर्तमानपत्र टाकून तो परत दारात आला.

"आता एक सही फक्त," रूपालीने कागद पुढे केला.

त्याने खिशातून वाचायचा चष्मा काढून लावला. 'वस्तू मिळाली' याच्यापुढे सही केली. 'समाधान झालं का?' याच्यापुढे 'पूर्ण' लिहिलं. अशा वेळीही अक्षर वळणदार आलं. मग त्याची नजर कागदाच्या तळाशी गेली. तिथला रकाना आधीच भरलेला होता.

"हे काय आहे?"

"साक्षीदार, सर. शेजाऱ्याची साक्ष घ्यावी लागते. नाहीतर आमचीच माणसं जिन्यात बसून संपवतात," रूपाली हसली. "साहेबांनी लगेच दिली. तुमच्या मजल्यावर सगळेच किती व्यवस्थित लिहितात!"

विक्रमसिंहांनी पूर्ण नाव लिहिलं होतं. त्याखाली हुद्दा. त्याखाली पोलीस स्टेशन. तारीख, वेळ, वेळेत मिनिटंसुद्धा. आणि कागदाने विचारलेली नव्हती अशी एक ओळ: 'सदर वस्तू सीलबंद स्थितीत समक्ष पाहिली.'

रूपालीने कागद घडी करून पिशवीत ठेवला. "काहीही लागलं तर फोन करा, सर. आम्ही आहोतच." ती नमस्कार करून जिना उतरली. तिच्या पावलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला आणि मग थांबला.

समोरचं दार उघडलं.

"क्यांय जशो नहीं, मास्तर," आतून विक्रमसिंहांचा आवाज आला. "कुठे जाऊ नका. आलोच मी."

शरच्चंद्राने वर पाहिलं. वाचायचा चष्मा अजून नाकावरच होता. त्यातून समोरच्या दारात कोणीतरी शर्टाची बटणं लावत उभं असल्याचं धूसर दिसत होतं. शर्ट खाकी होता की घरातला, ते कळत नव्हतं.