आठ पाय

भर दुपारी शिवणकाम करताना सुनेला मशीनवर मुंग्यांची रांग दिसली. सासरे प्राणिशास्त्राचे निवृत्त शिक्षक. पलंगावर पडल्यापडल्याच ते म्हणाले, "भिंग घे आणि पाय मोज. सहा असले तर मुंगी. आठ असले, तर मुंगीचं सोंग घेतलेला कोळी. पुढचे दोन पाय तो मिशांसारखे उचलून धरतो."

तिने मोजले. आठ. पुढचीलाही आठ, मागचीलाही.

"मामंजी, अहो, हे सगळे कोळीच आहेत!"

"काहीतरीच काय! हजार मुंग्यांत असा एखादाच घुसलेला असतो. नीट बघ."

ती पुन्हा वाकली. रांग थांबली होती. सगळे वळून एकाच दिशेला बघत होते. तिच्याकडे नव्हे, पलंगाकडे.

"आणि माझे पाय मोजलेस?" सासऱ्यांनी हळूच विचारलं.

भिंगावरून मान वर करायची तिची छाती झाली नाही.