लतीफचा कान

मजीदने रबराची नळी कानाला लावली आणि त्याला काहीच ऐकू आलं नाही.

नळीचं दुसरं टोक त्याने पुढच्या कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरलं होतं. मग मागच्याच्या तोंडाशी धरलं. इंजिन चालू होतं, पण अडखळत, धापा टाकत. कार्ब्युरेटर हवा ओढताना सूं करतो. दोघांची सूं सारखी आली की गाडी सुरात लागली म्हणायची. कोण जास्त ओढतोय ते ओळखायचं आणि त्याचा स्क्रू फिरवायचा. काम म्हटलं तर एवढंच. पण एवढ्याशा कामासाठी मुंबईचे शौकीन लोक आपल्या जुन्या, बसक्या, दोन सीटांच्या गाड्या घेऊन भिवंडीच्या गल्लीत यायचे. ते यायचे लतीफच्या कानासाठी. मजीद नुसता स्क्रू फिरवायचा. आणि लतीफ, त्याचा थोरला भाऊ, दोन महिन्यांपूर्वी गेला होता.

"काय म्हनतंय?" केसरीनाथने विचारलं.

काल्हेरच्या या गड्याने खाडीकडची जमीन गोदामवाल्यांना दिली होती आणि ही लाल विलायती गाडी घेतली होती. आत बसलं की गुडघे छातीला टेकायचे, पण हौसेला मोल नसतं. संध्याकाळी भाचीच्या हळदीला ती मिरवायची होती.

"बघतो," मजीद म्हणाला.

शुक्रवार होता. एरवी गल्लीत दोन्ही बाजूंनी मागांची खटखट, त्यात ही सूं कुठली ऐकू यायला? शुक्रवारी माग बंद असतात. म्हणून असली गाडी आली की लतीफ तिला शुक्रवारपर्यंत थांबवून घ्यायचा. नमाजाहून आला की गाडीचं नाक गॅरेजच्या मागच्या पत्र्याच्या भिंतीकडे करायचा, नळी कानाला, डोळे मिटलेले, डावा हात पत्र्यावर. अर्धं आयुष्य मागावर, लूमवर उभं राहून त्याची कंबर गेली होती. बोलायचाही लूमवाल्यांसारखा, ओरडून. हात आधाराला ठेवतो, असं मजीद समजायचा. पत्र्यापलीकडे घराचं स्वयंपाकघर होतं, आणि नेमकी त्याच वेळी लतीफची बायको आबिदा तिकडे भांड्यांची आदळआपट करायची. एकदा मजीद वैतागून ओरडला होता, "भाय, भाभीला जरा हळू घ्यायला सांगा ना!" लतीफ हसला होता. "ऱ्हाव दे. जुम्मा तिचा पन हाय."

आता तिकडे सगळं शांत होतं. आबिदा इद्दतीत होती. नवऱ्यामागे बाईने काही महिने घरातच राहायचं, कोणासमोर यायचं नाही, तशी ती होती. पण तिने बोलणंही सोडलं होतं. घरच्यांशीसुद्धा नाही.

मजीदचं काही वेगळं नव्हतं. त्याला रडू आलं नव्हतं. कबरीवर माती टाकताना आलं नाही, नंतरही आलं नाही. दुःख झालं म्हणावं तर तेही होईना. जेवण पुढ्यात आलं की जेवायचा, दिवस मावळला की आडवा व्हायचा. सकाळीच त्याचा डावा तळहात तापलेल्या सायलेन्सरला टेकला होता. कातडी जळाल्याचा वास आला तेव्हा त्याला कळलं. टरारून फोड आला, पण दुखलं नाही. आता नळीतूनही काही येईना, याचं त्याला नवल वाटलं नाही.

मजीदची बायको खदीजा चहा घेऊन आली. केसरीनाथने कप उचलला आणि तिच्यादेखतच बोलून टाकलं, "मजीद, राग नको धरू. कान तुज्या भावाचा व्हता. तो गेला. माज्या जमिनीवरच्या गोदामात मुकादमाची जागा हाय, उद्यापासून ये. हे बंद कर."

खदीजाने नवऱ्याकडे पाहिलं. नाही म्हण, असं तिच्या डोळ्यांत स्पष्ट होतं. हे गॅरेज दोघा भावांनी रिकाम्या हातांनी उभं केलं होतं.

"येतो," मजीद म्हणाला.

त्याने नळी गुंडाळायला घेतली. ती नीट वाकेना. त्याने तोंड लावून फुंकली, तर वारा पार जाईना. मग पान्याच्या पेटीतली सुरी काढून त्याने नळी मधोमध कापली. आतून ती पार चिकटून बसली होती. रबर कुजून दगड झालं होतं. हे दोन महिन्यांचं काम नव्हतं, कित्येक वर्षांचं होतं. या नळीतून कोणालाच, कधीच काही ऐकू आलं नसतं. मजीद हातातल्या दोन तुकड्यांकडे बघत उभा राहिला.

तेवढ्यात पत्र्यापलीकडे ठक, ठक झालं.

भांड्यांचा आवाज. मजीदने सवयीने कपाळाला आठी घातली. मग त्याचं लक्ष खदीजाकडे गेलं. ती तर इथे, समोर ट्रे घेऊन उभी होती.

पुन्हा दोन ठोके आले. भांडी अशी दोनदा वाजली की लतीफ 'मागचा' म्हणायचा, एकदा वाजली की 'पुढचा'. त्याने मागच्या कार्ब्युरेटरचा स्क्रू जरासा फिरवला. इंजिनची धाप थोडी कमी झाली. पत्र्यावर आता एकच ठोका पडला. तो पुढच्याकडे वळला. मग पुन्हा पत्र्याकडे पाहत राहिला.

"भाभी?"

केसरीनाथ कप हातात धरून तसाच उभा. मग पत्र्यामागून आबिदाचा आवाज आला, इतके दिवस न वापरलेला, घोगरा.

"बघत काय ऱ्हायलास, मजीद? हात पत्र्याला लाव. लूमनी तुझ्या भायचे कान कवाच नेले व्हते. मी वाजवायची, ते हातानंच आयकायचे."

मजीदने डावा हात पत्र्यावर टेकला. पलीकडून ठोका पडला, आणि हाताचा फोड दुखला.