चौथा प्रश्न

"म्हणजे हा चौथा प्रश्न काढून टाकायचा," असं म्हणत विभागप्रमुख मॅडमनी फळ्यावरच्या शेवटच्या ओळीवर काट मारली.

विभागातल्या सगळ्यात जुन्या प्रोग्रॅमरचा, काकांचा, हात वर होता. पाच मिनिटं झाली, वरच होता.

फळ्यावर कर्नलमधलं, म्हणजे संगणकाचा सगळा कारभार पाहणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधलं, मेमरी देणारं फंक्शन होतं. मेमरी मागणाऱ्याला ते चार गोष्टी विचारायचं : किती हवी, कुठली हवी, कशाला हवी, आणि तातडीची आहे की थांबता येईल? कोडमध्ये अशी मागणी दोन हजार तीनशे अकरा ठिकाणी होती. दोन हजार तीनशे दहा ठिकाणी उत्तर होतं, तातडीची. एकाच ठिकाणी थांबायची तयारी होती. ते काकांनी लिहिलं होतं, कारण तिथं खरंच थांबता येत होतं.

एकट्या काकांसाठी सगळ्यांना कशाला छळायचं, असं मॅडमचं म्हणणं. ते सगळ्यांना पटलं. काकांनाही पटलं असतं. पण तातडीवाल्यांना कर्नल हाताशी असेल ते देऊन मोकळा होतो, आणि जो थांबतो त्याला थांबवून तेवढ्या वेळात वापरलेली मेमरी झाडूनपुसून घेतो, हे त्यांना ठाऊक होतं. कुणीच थांबलं नाही तर झाडलोट बंद, आणि मेमरी तुंबून सगळंच कोसळणार. तसं त्यांनी मेलमध्ये कळवलंही होतं. विषय म्हणून 'सवडीने वाचावे' असं लिहिल्यामुळे ते कुणी वाचलं नव्हतं.

नवी आवृत्ती आज संध्याकाळी शहरातल्या सगळ्या बसतिकिटांच्या खिडक्यांवर चढणार होती. ती कोसळली की निस्तरायला काकाच. आणि शुक्रवारपासून काकांची रजा होती, अकरा वेळा पुढे ढकललेली. नात चार महिन्यांची झाली, तरी त्यांनी तिला फोनवरच पाहिलं होतं.

"मॅडम, जरा..."

"काका, तुम्ही समजूतदार आहात. या घाईवाल्यांचं होऊन जाऊ दे."

घाईवाल्यांचं झालं. एकाचा मुद्दा बटणाच्या रंगाचा होता.

"चला, कुणाचं काही राहिलंय?" मॅडम उठत म्हणाल्या. "पण तातडीचं असेल तरच हं."

काकांनी मनात हिशेब मांडला. आज मंगळवार. मेमरी तुंबायला तीन दिवस तरी लागतील.

खरं सांगायचं तर आत्ता, या घटकेला, तातडीचं काहीच नव्हतं. त्यांनी हात खाली घेतला, फोन काढला आणि शुक्रवारचं येणं रद्द झाल्याचं लेकीला कळवलं.