दार नसलेली खोली

आणखी एक जण शेवटच्या खोलीत अडकला. त्यानं खिडकी उघडून पाहिली, दिवा विझवून पाहिला, खुर्ची सरकवून पाहिली. मग हातातला बटणांचा कंट्रोलर टेबलावर ठेवून तो उठला. चित्रं छान आहेत म्हणाला आणि शेजारच्या टेबलाकडे गेला.

टेबलामागच्या माणसानं सवयीनं हात लांब करून खेळ पुन्हा पहिल्यापासून लावला. कंप्युटरवरच्या खेळांच्या प्रदर्शनात असंच करावं लागतं. एक उठला की लगेच खेळ सुरुवातीला न्यायचा, म्हणजे पुढच्याला बसल्याबसल्या खेळता येतं. कोणाचा तरी अर्धवट टाकलेला खेळ पडद्यावर दिसला की लोक थांबत नाहीत. सकाळपासून तो हेच करत होता.

खेळ त्याचा आणि त्याच्या बायकोचा, दोघांचा होता. चित्रं त्याची, प्रोग्राम तिचा. लहानसाच, पाऊण तासात संपणारा. म्हणजे संपायला हवा होता. शेवटची खोली तिनं एकटीनं केली होती. एक खुर्ची, एक दिवा, एक खिडकी, खिडकीशी खेळातली बाई. दार नाही. इथून बाहेर कसं पडायचं, असं त्यानं विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, “खेळून बघ की. सगळं मीच सांगू का?”

मग तिच्या दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि त्या खोलीचा विषय काढायचं कोणाला सुचलं नाही. ती गेली त्याला आता वर्ष होत आलं. घरी तोही त्या खोलीपर्यंत जायचा, सगळी बटणं दाबायचा आणि वैतागून कंप्युटर बंद करायचा. तिचा प्रोग्राम दोघा जाणकारांना दाखवला. दोघांनीही डोकं खाजवलं. तिचं लिहिणं तिलाच कळायचं, म्हणाले.

सोबतीला सासूबाई आल्या होत्या. कंप्युटर म्हणजे काय हे त्यांना लांबूनच माहीत, पण येणाऱ्याजाणाऱ्याला बोलवायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. बसा हो, बघायला काही पैसे पडत नाहीत, असं त्या कोणालाही म्हणायच्या. जावई नुसता खांबासारखा उभा राहतो, असा माणूस भर उन्हाळ्यात पाणीसुद्धा विकू शकणार नाही, हेही त्यांनी त्याला सुनावून झालं होतं. मागच्या प्रदर्शनात हे बोलायचं काम त्यांची मुलगी करायची. बसायला मात्र सासूबाई तयार नव्हत्या. टेबलापुढची एकुलती एक खुर्ची गिऱ्हाइकाची, असं त्यांचं म्हणणं होतं.

खेळ विकायचे सगळे मार्ग त्यानं चाचपून पाहिले होते. स्वतःच्या वेबसाइटवर ठेवला तर ओळखीचे चार जण घेतात. इंटरनेटवरच्या मोठ्या दुकानात आपला आपण लावता येतो, पण तिथं रोज इतके खेळ येऊन पडतात की संध्याकाळी आपला कुठे गेला ते आपल्यालाच सापडत नाही. उरला प्रकाशक. तो जाहिरात करतो, लोकांच्या हातात पोचवतो, टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रांवरही नेतो. त्यासाठीच हे टेबल घेतलं होतं.

गर्दी ओसरत आली तेव्हा, ज्यांच्याकडे त्यानं खेळ आधीच पाठवून ठेवला होता त्या प्रकाशक बाई आल्या. नुकताच एक जण शेवटच्या खोलीपर्यंत खेळून उठला होता. बाईंनी बोलावलं तसा टेबलामागचा तो सगळं तसंच सोडून त्यांच्यामागून कोपऱ्यात गेला.

बाई मनानं चांगल्या होत्या. खेळ त्यांना खरोखर आवडला होता. अडचण तेवढी त्या खोलीची. त्यांच्याकडे खेळ तपासायला पगारी माणसं होती. त्यांनी त्या खोलीतल्या प्रत्येक वस्तूवर प्रत्येक बटण दाबून पाहिलं होतं, दिवसदिवस हात थांबू दिला नव्हता. शेवटापर्यंत जाता येत नाही असा खेळ यंत्रवाल्या कंपन्या विकायला ठेवूच देत नाहीत. तेव्हा खोली काढायची आणि त्याआधीच्या प्रसंगावर खेळ संपवायचा. ते जमत नसेल तर राहू द्या, पण काय ते आज सांगा.

ती खोली तिनं एकटीनं केलीय, एवढंच तो म्हणाला. बाईंनी ऐकून घेतलं आणि वाट पाहिली. नाही म्हटलं तर तिचा खेळ घरातल्या कंप्युटरमध्ये पडून राहणार होता. हो म्हटलं तर तो जगभर जाणार होता, पण तिनं शेवटी हातानं केलेली तेवढी गोष्ट सोडून. तो उभा राहून दमला होता, आणि ते काही आजचं दमणं नव्हतं.

“काढा,” तो म्हणाला.

बाईंनी मान हलवली. सासूबाईंना सांगून येतो म्हणून तो वळला आणि तिथंच थांबला. सासूबाई गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांच्यासमोर पडद्यावर त्या खोलीची भिंत हळूहळू बाजूला सरकत होती. बाहेर माळ होता, नुकतंच उजाडत होतं. तो माळ त्यानंच रंगवला होता. तिनं हट्टानं करून घेतला आणि मग खेळात कुठे दिसला नाही, म्हणून तो तिच्याशी भांडलाही होता. खिडकीशी उभी असलेली बाई वळली आणि त्या माळावरून चालू लागली.

प्रकाशक बाई त्याच्या मागोमाग आल्या होत्या. कोणतं बटण दाबलंत, त्यांनी घाईघाईनं सासूबाईंना विचारलं.

सासूबाई गडबडून उठल्या. कंट्रोलर टेबलाच्या पार पलीकडच्या कडेला पडला होता.

“मी कशालाच हात लावला नाही हो. पाय भरून आले होते, म्हणून घटकाभर नुसती बसले.”